सोमवारची भुजली

"मी एकटीच करतो, सर," रिंकू म्हणाली. ब्युरेटवरची नजर तिने वर उचललीच नाही. बोलणं एवढंच. त्यात राग नव्हता, हेटाळणी नव्हती, नाक मुरडणंही नव्हतं. चहात साखर नको म्हणावं इतक्या सरळपणे तिने नको म्हटलं होतं. पण दुर्गेश्वरी वही हातात धरून तिथेच उभी राहिली. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मुलींची सकाळची बॅच चालू होती. प्रत्येक टेबलावर दोघी, दोघींच्या मधे एका ब्युरेटची उंच काचेची नळी, आणि खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलावर ही रिंकू तेवढी एकटी. म्हणून सरांनी साहजिकच तिला विचारलं होतं, या नव्या मुलीला घेतेस का. तिने नको म्हटल्यावर सरांनी बाकीच्या टेबलांवरून नजर फिरवली, तेव्हा सगळ्याजणी एकाएकी आपापल्या फ्लास्कमध्ये डोकावू लागल्या. "असं कर," सर म्हणाले, "सोमवारपर्यंत कुणाशी तरी जमवून घे. दोघींत तिसरी चालेल मला, त्यांची हरकत नसेल तर. नाहीच जमलं तर दुपारच्या बॅचला जा. तिथं जागाच जागा आहे." सर बिचारे तिची सोय बघत होते. आपण हिला कॉलेजबाहेरची वाट दाखवतोय हे त्यांना कुठून कळणार?

कारण दुपारची बॅच सुटायची साडेपाचला, आणि तिच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी गोंदियाच्या स्टँडवरून पाचलाच हलायची. त्यानंतरच्या गाड्या गोरेगावात सोडून देत. तिथून पुढे मिळेल त्या वाहनाने नागझिऱ्याकडच्या फाट्यावर उतरायचं आणि जंगलाला लागून असलेल्या रस्त्याने अंधारात गावात यायचं, हे घरात कुणी ऐकूनही घेतलं नसतं. होस्टेलचा विषय तर निघालाच नव्हता. बाबूजींनी, म्हणजे दुलीचंदने, ॲडमिशनच्या दिवशीच स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "उजेडात घरी येनं होत असन तं गोंदिया. नाई तं गोरेगावले बी.ए. कर, घरचा भात खाऊन शीक." यात धाकदपटशा काही नव्हता. बाबूजी सगळंच असं बोलत, बैलाशीही आणि सरपंचाशीही. पण दुर्गेश्वरीला बी.ए. करायचं नव्हतं. तिला ती काचेची नळी हवी होती, तिच्या तोंडाशी लोंबणारा थेंब हवा होता, आणि तो पडल्यावर नितळ पाण्यात एकदम उमटून विरून जाणारा गुलाबी रंग हवा होता. बारावीला हे तिने पुस्तकात काळ्या रेघांत पाहिलं होतं. त्यांच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबला कुलूप असायचं, आणि किल्ली कुणाकडे असते यावर मास्तरांमध्येच एकमत नव्हतं.

खरं तर या सगळ्याचं मूळ रोवणीत होतं. कॉलेज जुलैत सुरू झालं आणि दुर्गेश्वरी ऑगस्टात उगवली. आता कुणी म्हणेल, महिनाभर उशिरा कॉलेजला जाणारी ही कसली हौशी विद्यार्थिनी? पण तिच्या गावात कुणालाही विचारा, शाळा-कॉलेज खऱ्या अर्थाने सुरू होतं ते धानाची रोवणी आटोपल्यावर. दहावीत, बारावीत जुलैभर अर्धे बाक रिकामे असायचे आणि हजेरी घेताना मास्तरच विचारायचे, तुमच्या रोवायच्या किती बांध्या राहिल्या रे. "रोवणी झाली का जाय," बाबूजी म्हणाले होते, "कॉलेज का पळून जाऊन राहिलं?" आणि गंमत म्हणजे तिलाही ते अगदी बरोबर वाटलं होतं. पोटरीपर्यंत चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवताना ती मनातल्या मनात कॉलेजात जात होती, आणि तिच्या मनातलं ते कॉलेज कसं, तर रिकामं. वर्ग झाडून ठेवलेले, बाक ओळीने लावलेले, आणि सगळं तिची वाट बघत थांबलेलं. ती पोचली तेव्हा तिथे सगळं होऊन गेलं होतं. जागा ठरल्या होत्या, जोड्या लागल्या होत्या, कुणाला काय चिडवायचं ते ठरलं होतं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असल्या विनोदांना सगळ्याजणी हसत होत्या ज्यांची सुरुवातच तिला ठाऊक नव्हती. पहिल्या दिवशी ती ज्या बाकावर बसली तिथून तिला उठवण्यात आलं, दुसऱ्यावरूनही. तिसऱ्यावर कुणी काही बोललं नाही, कारण तो पंख्याखालचा नव्हता. शेजारच्या मुलीने तिच्या बोटांकडे बघून विचारलं, "मेहंदी उतरी नहीं क्या अभी तक?" नखांवर बसलेला तो चिखलाचा रंग होता. दुर्गेश्वरी म्हणाली, "हां, उतरी नहीं." पायाच्या बोटांत झालेल्या चिखल्या तर तिने सँडलमध्ये नीट झाकूनच ठेवल्या होत्या. त्या दिवसभर खाजत राहत आणि ती टेबलाखाली एका पायाने दुसरा पाय चोळत राही.

आता एवढं सगळं झाल्यावर एखादी रडत घरी गेली असती. पण दुर्गेश्वरीची खोड अशी की तिला दुःख फार वेळ धरून ठेवता येत नसे. हातातून सुटून जाई. त्या चार दिवसांत ती इतक्या गोष्टींनी हरखली होती की वाईट वाटायला तिला वेळच कमी पडत होता. सकाळची गाडी फुलचूरला आली, घरं दाट व्हायला लागली, की ती सीटच्या टोकाला सरकून बसे. स्टँडवर उतरलं की कुणीही तिला विचारत नसे, कोठी चालली, कायले चालली, कोणाची होय तू. कॉलेजच्या फाटकातून एकाच वेळी शेकडो मुलं-मुली आत घुसत आणि त्या लोंढ्यात तीही असे. आपल्याला धक्का मारून पुढे जाणाऱ्याला आपला बाप माहीत नाही, या गोष्टीचं तिला हसूच येई. जिन्याचा पॉलिश गेलेला कठडा, कँटीनमधला समोसा आणि त्यावर ओतलेली आंबट चटणी, लॅबच्या दारातच नाकात शिरणारा तो झिणझिण्या आणणारा वास, मॅडमचं भरभर इंग्रजी, त्यातलं कळलेलं एखादं वाक्य, आणि ते कळलं म्हणून आलेला काटा. आणि रुचिका. रुचिकाच्या वडिलांचं बाजारात कपड्याचं मोठं दुकान होतं. ती स्कूटीवर यायची, बोलायची हिंदीतच, आणि तिच्या हसण्याचा आवाज आधी यायचा, ती मागून. दुसऱ्याच दिवशी तिने जाता जाता दुर्गेश्वरीची वेणी हातात घेऊन पाहिली होती आणि म्हणाली होती, "कितनी लंबी है यार, असली है ना?" बस्स. तेवढ्यावर दुर्गेश्वरीने ठरवून टाकलं की मैत्रीण असावी तर अशी.

शुक्रवारी संध्याकाळी गाडीत खिडकीशी बसून ती त्याच विचारात होती. रुचिकाला विचारायचं, हे ठरलं. पण विचारायचं कसं? तिला एकदम जाणवलं की आयुष्यात आजवर आपण कुणालाही माझी मैत्रीण होतेस का असं विचारलेलंच नाही. गावात मैत्री मागावी लागत नाही. ज्या गल्लीत जन्मलात, ज्या विहिरीवर गेलात, तिथल्या मुली तुमच्याच असतात. आवडल्या तरी आणि नाही आवडल्या तरी. भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी त्याच बांधीत शेजारी वाकून उभं राहायचं असतं. आणि इथे पाऊणशे मुलींमधून एक निवडायची, तिच्यापुढे जायचं आणि तोंड उघडायचं. काय म्हणायचं? मला घे? घे म्हणजे काय, ती काय वस्तू आहे? मला तुमच्यात येऊ दे? त्यात भीक मागितल्यासारखं होतं. हिंदीत म्हणावं तर ते आणखीच नाटकी. मनातल्या मनात ती वाक्यं जुळवत होती, मोडत होती, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी रिंकूचं ते थंड "मी एकटीच करतो" येऊन बसत होतं. रिंकूचा तिला रागच आला. एवढी कसली मिजास? दिसायला तर आपल्यासारखीच, साधी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. रुचिकाने नाही म्हटलं असतं तर एकवेळ समजून घेता आलं असतं, असं तिला वाटलं, आणि आपल्याला असं का वाटावं, हे मात्र तिला उमगलं नाही. बाहेर गोरेगाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना नुकती रोवलेली हिरवीगार शेतं लागली. यातल्या किती घरांतल्या पोरी आपल्यासारख्याच उशिरा निघाल्या असतील, असं वाटून तिला थोडा धीर आला.

घरात शिरताच आईने हाक मारली, "हात-पाय धू अन् भुजलीले पानी टाक." आणि तिथे दुर्गेश्वरीला उत्तर सापडलं. उद्या राखी होती आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजली. आतल्या काळोख्या खोलीत टोपलीत पेरलेले गहू आता वितीएवढे वर आले होते. ऊन न लागलेले, हळदीचं पाणी प्यायलेले ते कोंब पिवळेधमक आणि मऊ होते. त्या दिवशी पोरी-बायका डोक्यावर टोपल्या घेऊन तलावावर जात, भुजली धूत, माती वाहून जाऊ देत, आणि कोंब घेऊन परत येत. मोठ्यांच्या हातात ते देऊन पाया पडायचं, तो झाला नुसता आशीर्वाद. पण बरोबरीच्या मुलीच्या कानावर आपल्या हाताने कोंब खोवला आणि तिने तो ठेवून घेतला, की ती आपली भुजली. जन्माची. मग तिच्या सुखदुःखात उभं राहायचं, आणि तिचं नाव कधी तोंडाने घ्यायचं नाही. हाकही भुजली अशीच मारायची. आई, शामकला, हिची अशी एक भुजली होती, माहेरची, लांजीकडची. फोन आला की आईचा आवाजच बदलायचा, "का करून राहिली वो भुजली?" लहानपणी दुर्गेश्वरीला वाटायचं, त्या मावशीचं नावच भुजली आहे. मग मावशीच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली आणि नुकतंच वाचायला शिकलेली दुर्गेश्वरी भर अंगणात ओरडली, "माय, हिचं नाव तं वच्छला आहे." आईने धावत येऊन तिच्या तोंडावर पिठाचा हात दाबला होता. ते पीठ नाकात गेल्याचं तिला अजून आठवत होतं. आणि त्याहून जास्त आठवत होतं ते दुसरं. मावशीचा नवरा गेल्याचा निरोप आला तेव्हा आई बांधीत होती. ती हातातली पऱ्ह्यांची पेंढी बांधावर ठेवून तशीच निघाली आणि तेरावं करूनच परत आली. अर्धी रोवणी टाकून. बाबूजी, जे सख्ख्या भावाच्या साखरपुड्यालाही रोवणीतून गेले नव्हते, एक शब्द बोलले नाहीत.

"माय," टोपलीवर पाणी शिंपडत तिने विचारलं, "कॉलेजच्या पोट्टीले भुजली देली तं चालते का?"

"न चालाले का झालं? पण एकीलेच दे जो. जन्माचं काम राह्यते ते." शामकला चुलीपाशी भाजी चिरत होती. तिने हात थांबवला. "कोणाले देऊन राहिली?"

"आहे एक. स्कूटीवर येते."

"स्कूटीवर येवो का हत्तीवर येवो. तिले ठावं आहे का हे?"

"नसन तं सांगीन ना."

सांगीन म्हणणं सोपं होतं. पण त्या क्षणी दुर्गेश्वरीला सगळंच सोपं दिसत होतं. शनिवारी राखी झाली, रविवारी ती टोपली डोक्यावर घेऊन तलावावर गेली, पाण्यात गुडघाभर उभं राहून तिने भुजली धुतली. इतर पोरी गाणी म्हणत होत्या, तिला गाण्याचे शब्द सुचत नव्हते. घरी आल्यावर तिने सरळ, न मोडलेले कोंब वेचले, पळसाच्या पानाचा द्रोण केला, त्यात ओल्या फडक्यात ते निजवले आणि द्रोण स्टीलच्या डब्यात ठेवला. एकीलाच द्यायची तर एक कोंब पुरे होता. पण डबा रिकामा बरा दिसत नाही म्हणून तिने मूठभर घेतले. तिचं हे असंच असे, एक मागितलं की मूठभर. सोमवारी सकाळी गाडीत तो डबा तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला की तिच्या काळजात लक्क व्हायचं.

वर्गात पहिला तास व्हायचा होता. रुचिका बाकावर उलटी बसून मागच्यांशी बोलत होती. दुर्गेश्वरी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि डबा उघडला. "ये क्या है?" रुचिकाने विचारलं. "भुजली." "मतलब?" आता सांगायचं. रात्रंदिवस जुळवलेलं वाक्य जिभेपर्यंत आलं होतं, की आमच्याकडे अशी रीत आहे, की हे घेतलंस तर तू माझी आणि मी तुझी, की मग नाव घ्यायचं नाही. पण हिंदीत शिरताच त्या वाक्याचे हातपाय गळाले. "वो हमारे यहाँ... फ्रेंडशिप का... रहता है," एवढंच तिच्या तोंडून निघालं. "फ्रेंडशिप डे तो हो गया ना, पिछले संडे," रुचिका हसली, "पर कितना क्यूट कलर है यार. लगा ना, लगा." आणि तिने केस मागे सारून कान पुढे केला. त्या कानात खालपासून वरपर्यंत बारीक बारीक खडे होते आणि केसांना कसल्याशा फळाचा वास येत होता. दुर्गेश्वरीने श्वास रोखून कोंब खोवला. झालं. आपल्याला भुजली मिळाली. तेवढ्यात रुचिकाने मोबाईल काढून फोटो घेतला, शेजारची म्हणाली, "मुझे भी," मागची म्हणाली, "ए, मला पण दे ना," आणि बघता बघता तिच्याभोवती कान गोळा झाले. डूल घातलेले, रिंगा घातलेले, इयरफोन काढून मोकळे केलेले. नाही कुणाला म्हणणार? आणि खरं सांगायचं तर तिला नाही म्हणायचंही नव्हतं. चार दिवसांत पहिल्यांदा कुणी तिला मागत होतं. ती खोवत गेली, खोवत गेली, हसत गेली, कुणीतरी तिला "दुर्गी" म्हटलं, सगळ्यांनी ते लगेच उचललं, कुणीतरी तिला ओढून फोटोच्या मधोमध उभं केलं. डोकं हलकं झालं होतं, कानशिलं तापली होती. असं कौतुक होत असताना मनाच्या एका कोपऱ्यात शामकला मात्र चिरता चिरता हात थांबवून बसलेली होती. एकीलेच दे जो. गावच्या रीतीने पाहायचं तर दुर्गेश्वरीला आता अर्धा वर्ग जन्माचा बांधला गेला होता. इतक्यांच्या सुखदुःखात धावायचं तर रोवणी कधी करायची, असा एक वेडा विचार तिच्या मनात आला आणि ती आणखीनच हसली.

तास संपून सगळ्या लॅबकडे निघाल्या तेव्हा तिने जिन्यात रुचिकाला गाठलं. "मैं तुम्हारे टेबल पे आऊँ क्या, प्रॅक्टिकल को? सर ने तीसरी चलेगी बोला है."

"अरे पागल, पहले बोलती ना," रुचिका खरोखरच हळहळली. तिने दुर्गेश्वरीचा हातही धरला. "हमने तो शुक्रवार को ही एक को ले लिया, सर को नाम भी दे दिया. किसी और को पूछ ले ना. अब तो सब तेरी फ्रेंड हैं." बोलता बोलता तिने कानामागचा कोंब काढला, टोचत असावा, आणि तो बोटांत फिरवत ती पुढे निघाली. दुर्गेश्वरीने आणखी दोघींना विचारलं. एक म्हणाली टेबल लहान आहे, दुसरी म्हणाली माझ्या पार्टनरला विचारून सांगते, आणि विचारायला गेली ती तिकडेच राहिली. कुणी वाईट वागलं नाही. तेच तर अवघड होतं. भांडायलाही कुणी नव्हतं. लॅबच्या दारापर्यंत येता येता तिला दिसलं की व्हरांड्यात पिवळे कोंब पडलेले आहेत. एक इथे, दोन तिथे. एकावर सँडलचा ठसा होता. बॅच गेली, गोंदिया गेलं, हे तिला उभ्या उभ्या समोर दिसलं, आणि त्याहीपेक्षा हे दिसलं की चूक आपलीच आहे. काय दिलं ते न सांगता दिलं. आईने एवढं बजावून विचारलं होतं.

व्हरांड्यात कुणीतरी वाकलेलं होतं. रिंकू. ती एकेक कोंब उचलत होती, त्यावरची धूळ ओढणीने पुसत होती, आणि डाव्या तळहातावर नीट ओळीने ठेवत होती. दुर्गेश्वरी जवळ गेली तशी ती उभी राहिली. "पायाखाली नाई येऊ देत हे," ती म्हणाली, "तुले ठावं नाई का?"

"ठावं आहे." दुर्गेश्वरी म्हणाली. "तुले कसं ठावं?"

"माझी माय छत्तीसगडची होय. आम्ही भोजली म्हणतो." तिने गोळा केलेले कोंब दुर्गेश्वरीच्या डब्यात ठेवले. डब्यात तळाशी एकच कोंब उरला होता, ओला, सरळ, कुणाच्या कानावर न गेलेला. दुर्गेश्वरीने काही विचार न करता तो उचलला आणि रिंकूच्या कानाकडे हात नेला. रिंकू झटकन मागे सरली. तिने हात पाठीमागे बांधले, लहान मूल औषध नको म्हणताना बांधतं तसे.

"मी नाई घेणार."

"काऊन?"

"घेतली तं निभवा लागते." रिंकू पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघून बोलत होती. "माझ्या मायची भोजली आमच्याच मोहल्ल्यात राह्यते, फुलचूरले. दोघीचं भांडण झालं, कायचं होतं कोणास ठाऊक, सहा-सात साल झाले, बोलत नाईत. पण माय अजून तिचं नाव नाई घेत. अन् मायचं ऑपरेशन झालं तवा ती भांडकुदळ बाई दवाखान्यात दाराबाहेर बसून राहिली. आत नाई आली. पण रातभर बसली. असं राह्यते ते. तू तं चाट मसाल्यासारखी वाटून राहिली सगळ्याइले."

दुर्गेश्वरीला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला काहीच नीट करता आलं नाही. तिचा हात कोंबासकट तसाच हवेत राहिला होता. तिला जाणवलं की सकाळपासून इतक्या कानांना हात लावला, पण आपण दिलेली गोष्ट केवढी आहे हे फक्त हिने ओळखलं, आणि ओळखलं म्हणूनच घेतली नाही. नकार मिळून इतकं बरं वाटू शकतं हे तिला नवीन होतं. "शुक्रवारी का म्हणून नाई म्हटलं मंग?" तिने विचारलं. आता तिला सगळंच विचारावंसं वाटत होतं.

"पहिले एक होती पार्टनर. पंधरा दिवस डबा खाल्ला सोबत. मंग तिचा फार्मसीले नंबर लागला, गेली. सांगून बी नाई गेली, ग्रुपवरून समजलं." रिंकूने खांदे उडवले. "मंग मी म्हटलं, एकटीच करतो. अन् तुले येऊन चार दिवस झाले. तूबी जाशील तं?"

"मी कोठी जाऊ? माझा कोठीच नंबर नाई लागत," दुर्गेश्वरी म्हणाली. मग जरा थांबून, खरं ते सांगून टाकलं, "आज पार्टनर नाई भेटली तं दुपारच्या बॅचले टाकतेत. मंग गाडी नाई भेटत. मंग बाबूजी गोरेगावले बी.ए.ले घालतेत." मागण्याचं एकही वाक्य तिने जुळवलं नव्हतं. तीन दिवस ज्याची तयारी केली ते असं उघड्यावर, न सजवता बाहेर आलं.

रिंकू आत गेली आणि दुर्गेश्वरी तिच्यामागून. सर हजेरी घेत होते. "हां, दुर्गेश्वरी, काय ठरलं तुझं?"

"माझ्या टेबलवर आहे, सर," रिंकू म्हणाली.

"तू तर एकटीच करते म्हणालीस."

"ते शुक्रवारी म्हटलं होतं."

सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढचं नाव घेतलं. एवढ्यावर ते झालं. दुर्गेश्वरीच्या पायांतल्या चिखल्या एकदम खाजायला लागल्या. खिडकीजवळचं टेबल, बाहेर ओलं अंगण, सायकलींची रांग, आणि समोर ती काचेची नळी. रिंकूने तिला ब्युरेटची चावी कशी धरायची ते दाखवलं, डाव्या हाताने, नळीला मिठी मारल्यासारखी. स्वतः फ्लास्क हातात घेऊन ती गोल गोल हलवू लागली. पहिला थेंब पडला. गुलाबी ठिपका उमटला, फिरला, गेला. दुसरा. गेला. दुर्गेश्वरीच्या अंगावर कानापासून पायापर्यंत शहारा आला. तिला ओरडावंसं वाटलं, पण लॅबमध्ये ओरडत नाहीत एवढं तिला चार दिवसांत कळलं होतं.

"ते भुजलीचं," रिंकू फ्लास्ककडे बघत हळूच म्हणाली, "पुढच्या साली आण. तवा मी घेईन. पण सालभर पाहू दे. एकदा घेतली का नाव सुटते, मंग परत नाई येत ते. तवापर्यंत नावानंच बोलू."

पुढच्या साली. दुर्गेश्वरीने ते शब्द ऐकले आणि ती हातातली चावी विसरली. या कॉलेजात आजवर जो तो तिला सोमवारपर्यंतचं बोलत होता. बाबूजी बोलत होते ते गाडीचं, आई बोलत होती ते जन्माचं. पुढच्या वर्षीचं कुणी बोललं नव्हतं. ही कुणालाही जवळ न करणारी मुलगी, जिने आत्ताच तिच्या तोंडावर नाही म्हटलं होतं, ती दुर्गेश्वरीला वर्षभर इथेच धरून चालली होती. पुढचा पाऊस, पुढची रोवणी, पुढची राखी, आणि त्या सगळ्यांत आपण इथे, याच खिडकीशी. तिला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा कळेना. आणि तेवढ्यात फ्लास्क भडक गुलाबी झाला, लग्नातल्या शालूसारखा, आणि तसाच राहिला.

"गेलं," रिंकू म्हणाली. "जास्ती पडलं."

दुर्गेश्वरीने घाईघाईने चावी बंद केली. पहिलंच रीडिंग, आणि ते वाया घालवलं. शेजारच्या टेबलावरून रुचिकाने मान वळवून पाहिलं. दुर्गेश्वरीला वाईट वाटायला हवं होतं, पण तिच्या तोंडावर हसू पसरत चाललं होतं आणि ते काही केल्या आवरत नव्हतं.

"हासून का राहिली?" रिंकूने फ्लास्क तिच्या हातात दिला. "धुवून आण. अन् या खेपेले सावकाश सोड. आपल्याले का घाई आहे?"